दुर्बिणीची बैठक

पौषातली अमावास्या जवळ आली की आदिलाबाद जिल्ह्यातल्या वाटा केसलापूरकडे वळतात. मेस्राम कुळातले गोंड पायी जाऊन गोदावरीचे पाणी घेऊन येतात आणि अमावास्येच्या रात्री त्या पाण्याने नागोबाची महापूजा होते. आकाश पाहणाऱ्यांच्या पंचांगातही अमावास्या हाच सण. चंद्र नाही, हवा कोरडी, थंडी अंगात शिरणारी. कापूस वेचून झालेल्या शेतात उभे राहावे आणि मान वर करावी, एवढेच काम उरते.

अशाच एका अमावास्येला इंद्रवेल्लीच्या अलीकडे, जत्रेच्या दिव्यांपासून दूर, ओळखीच्या एका गोंड कुटुंबाच्या शेतात आम्ही दुर्बीण मांडली होती. आदिलाबादेत राहणारी माझी भाची दोन महिन्यांपासून फोनवर एकच प्रश्न विचारत होती, "मामा, पहिली दुर्बीण कोणती घेऊ?" आकडे सांगून मी कंटाळलो होतो आणि आकडे ऐकून ती. शेवटी म्हटले, माझीच घेऊन येतो, रात्रभर बघ आणि मग ठरव. गाडीच्या मागच्या सीटवर आडवी टाकून आणलेली ती दुर्बीण म्हणजे सहा इंची डॉब्सोनियन. मोटार नाही, संगणक नाही, तिवई नाही. दिसायला अगदी साधी. या साधेपणात किती विचार आहे हे कळायला मला बरीच वर्षे लागली. एखादी बंदिश वर्षानुवर्षे ऐकल्यावर तिच्या जागा कळाव्यात, तसे या यंत्राचे आहे. म्हणून त्याची शिफारस करण्याऐवजी त्याचे रसग्रहणच करावेसे वाटते.

सुरुवात आरशापासून. जवळजवळ सव्वा मीटर लांबीच्या नळीच्या तळाशी १५० मिलिमीटर व्यासाचा काचेचा आरसा बसवलेला असतो. अंधाराला सरावलेल्या आपल्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर हा आरसा एका डोळ्याच्या साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. दुर्बिणीचे पहिले काम लांबचे मोठे करून दाखवण्याचे नसून अंधुक उजेड वेचण्याचे आहे, हे इथे समजते. बोंडातला कापूस जसा ओंजळीत जमा होतो, तसा दूरवरून आलेला प्रकाश या आरशावर जमा होतो आणि १२०० मिलिमीटरवर एका बिंदूत येतो. वाटेत, नळीच्या तोंडाशी, एक लहानसा तिरपा आरसा तो उजेड बाजूला वळवतो आणि तिथे आपण डोळा लावतो. ही रचना आयझॅक न्यूटनने १६६८ मध्ये केली. तीत आजही मूलभूत असा बदल झालेला नाही.

हा आरसा हातात घेऊन पाहिला तर सपाटच वाटतो. त्याची खोली मध्यभागी सव्वा मिलिमीटरही भरत नाही. पण त्या एवढ्याशा खोलगटपणाच्या आकारातली चूक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आत ठेवावी लागते. आश्चर्य याचे, की ही अचूकता माणसाच्या हाताने साधते. काचेच्या दोन जाड चकत्या एकीवर एक ठेवायच्या, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पूड घालायची, आणि वरची चकती पुढेमागे घासत राहायचे, स्वतः भोवती फिरत राहायचे. वरची हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. पूड बारीक बारीक होत जाते, शेवटी डांबरासारख्या पिचवर झिलई चढते. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान केंद्राने कितीतरी हौशींना अशा कार्यशाळांतून आरसा घासायला शिकवले. त्याच पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही आपल्या देशातली हौशी आकाशनिरीक्षकांची सर्वांत जुनी संस्था. तयार दुर्बीण विकत घेणाऱ्यानेही एकदा तरी कुणाला आरसा घासताना पाहावे. मग तो आरसा रुमालाने पुसण्याची इच्छा आपोआप मावळते. थोडी धूळ बसली तर बसू द्यावी. तिने दिसण्यात जितका फरक पडतो, त्याहून कितीतरी जास्त नुकसान पुसण्याने होते. आपल्या हवेत खरा शत्रू पावसाळ्यातली ओल. जून ते सप्टेंबर नळीची दोन्ही तोंडे झाकून, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून दुर्बीण कोरड्या खोलीत निजवावी.

पण या यंत्रातली माझी सर्वांत आवडती जागा आरसा नव्हे. ती आहे बैठक. इंग्रजी पुस्तकांत जिला माउंट म्हणतात तिला मराठीत बैठक हा शब्द किती नेमका आहे! गाण्यालाही बैठक लागते, पैलवानालाही लागते, आणि मन लावून काही करायचे तर माणसालाही लागते. १२० पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीत प्रत्येक थरथरही १२० पट मोठी होते. म्हणून आरसा कितीही सुरेख असो, बैठक डळमळीत असेल तर दिसत काहीच नाही.

ही बैठक ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जॉन डॉब्सन १९१५ मध्ये पेकिंगमध्ये जन्मले, सॅन फ्रान्सिस्कोत वाढले, रसायनशास्त्र शिकले आणि १९४४ मध्ये तिथल्या वेदान्त मठात रामकृष्ण संघाचे साधू झाले. विश्व कसे आहे हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असा त्यांना ध्यास लागला. हाती पैसा नव्हता. जहाजाच्या खिडक्यांच्या जुन्या जाड काचा घासून त्यांनी आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या, प्लायवूडच्या पेट्या ठोकल्या. दुर्बिणींच्या या नादापायी मठातली कामे मागे पडतात, या कारणावरून १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र आणि शनी दाखवणाऱ्यांचा मेळा त्यांनी उभा केला. आपल्या रचनेतून त्यांनी पैसा केला नाही. ज्याला हवी त्याने ती बांधावी, अशीच त्यांची वृत्ती होती. २०१४ मध्ये ते गेले.

त्या पेटीतली खुबी पाहा. नळी दोन बाजूंच्या खाचांत नुसती टेकलेली असते, स्वतःच्याच वजनाने बसते. पेटी एका तबकडीवर फिरते. जिथे भाग एकमेकांना टेकतात तिथे एका बाजूला टेफ्लॉनचे चौकोनी तुकडे आणि दुसऱ्या बाजूला आपल्या ओट्यावर-टेबलावर असतो तसला सनमायका. या जोडीचा गुण असा, की वस्तू हलवायला सुरुवात करताना लागणारा जोर आणि हलती ठेवायला लागणारा जोर जवळपास सारखाच. म्हणून बोटाने ढकलले की नळी झटका न देता सरकते, बोट काढले की आहे तिथे थांबते. स्क्रू आवळायचे नाहीत, चावी फिरवायची नाही. सगळे मिळून वजन पंधरा किलोच्या आसपास. पेटी एका खेपेत, नळी दुसऱ्या खेपेत, आणि पाच मिनिटांत दुर्बीण उभी. पहिल्या दुर्बिणीचा हाच मोठा गुण मी मानतो. थकून घरी आलेल्या माणसालाही ती बाहेर काढावीशी वाटली पाहिजे.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. शाळेत असताना मला पहिली दुर्बीण मिळाली ती एका दुकानाच्या काचेतून खुणावणारी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ५२५ पट असे छापले होते आणि शेजारी शनीचे रंगीत चित्र. तिच्या तिवईचे पाय बांबूच्या काडीसारखे. गुरू दिसायचा, पण तो सतत थरथरायचा, आणि हात लावताच गायब व्हायचा. आठ दिवसांत ती कपाटावर गेली आणि तिच्याबरोबर माझा उत्साहही. आकाश आपल्यासाठी नाही, असे मी कितीतरी वर्षे समजत होतो. अशी मुले आजही घरोघरी असतील, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते: खोक्यावर छापलेल्या पटींना भुलू नका. व्यासाच्या मिलिमीटरांची दुप्पट ही उपयोगी पटींची कमाल मर्यादा, आणि तीही हवा अगदी स्थिर असेल त्या रात्री. सहा इंचीला रोजच्या कामाला ५० ते १५० पट पुरतात. २५ मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायची भिंगनळी, लावली की ४८ पट, १० मिलिमीटरची लावली की १२० पट. या दोन नेत्रिकांवर दोन-तीन वर्षे आनंदाने जातात.

मग इतरांनी काय घ्यावे? चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याने, ज्याची गच्ची लहान आणि जिना अरुंद, त्याने ७० किंवा ८० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण घ्यावी, पण तिवई दणकट हवी. स्टुलावर ठेवायची ११४ किंवा १३० मिलिमीटरची लहान डॉब्सोनियनही छान. विषुववृत्तीय बैठक, जिचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, ती अभ्यास वाढल्यावर. आदिलाबादचा अक्षांश साडेएकोणीस अंशांहून थोडा जास्त, ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर. धुऱ्यावरचे एखादे झाडही त्याला झाकून टाकते. तारे स्वतः शोधून देणारी संगणकी दुर्बीण वाईट नाही, पण वाट स्वतः चालून पाठ झाली की ती घ्यावी. फोटो काढणे हा तर वेगळाच छंद, त्याची वेगळी साधने आणि वेगळा खर्च.

आणि या सगळ्याच्या आधी, नुसते डोळे. त्यानंतर ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री. त्या रात्री भाचीच्या हाती मी आधी तीच दिली. कृत्तिकांचा झुबका द्विनेत्रीत जसा दिसतो तसा मोठ्या दुर्बिणीत दिसत नाही. दुर्बिणीत जेमतेम एक अंश आकाश मावते आणि कृत्तिका त्याहून पसरट. झुबका पुरता मावला तरच झुबका वाटतो.

अंधारात पंचवीस-तीस मिनिटे गेल्यावर डोळा खरा उघडतो. तोवर नळी बाहेर थंड होत ठेवली होती, नाहीतर आतली ऊब बिंबाला उकळत्या पाण्यासारखे हलवते. साडेनऊच्या सुमारास मृग नक्षत्र दक्षिणेला, डोक्याकडे बरेच चढलेले. मधल्या तीन ताऱ्यांना पुराणात व्याधाचा बाण म्हणतात, आणि आपल्याकडचे शेतकरी तिफण. त्यांच्या खाली अंधुक धूसर ठिपका, मृगातला तेजोमेघ. भाचीने नेत्रिकेला डोळा लावला आणि म्हणाली, "मामा, धूर आहे नुसता. फोटोत तर गुलाबी असतो." मी म्हटले, "बघत राहा. थेट नको, जरा बाजूला बघ." डोळ्याच्या मधोमध रंग ओळखणाऱ्या पेशी, त्या मंद उजेडात निकामी. कडेच्या पेशी मात्र अंधुकही टिपतात. दोन-तीन मिनिटे ती गप्प होती. मग तिचा आवाज बदलला. "पंख आहेत याला. दोन्हीकडे. आणि मध्ये काळी खाच." थोड्या वेळाने, "खाचेजवळ चार तारे आहेत, बारीक." ते चार तारे त्या मेघातच जन्मलेले, आणि त्यांच्याच उजेडाने तो मेघ उजळलेला. हा उजेड निघाला तेव्हापासून तेराशे वर्षे उलटली आहेत. ती एवढेच म्हणाली, "मघाशी हे दिसत का नव्हतं?" मघाशीही ते तिथेच होते. यंत्र तेच, आकाश तेच. बदलले ते तिचे थांबणे. चांगल्या बैठकीचे मोल मला इथे कळते. नळी जागची हलली नाही म्हणून ती थांबू शकली.

दक्षिणेला, क्षितिजापासून सतरा-अठरा अंशांवर अगस्त्य तळपत होता. पहाटे चारनंतर त्याच दिशेला नरतुरंगातला तो अद्भुत गुच्छ वर येतो, ज्याला ओमेगा सेंटॉरी म्हणतात. लंडनहून तो कधीच उगवत नाही. न्यूयॉर्कहून क्षितिजाला जेमतेम घासतो. आदिलाबादेत तो जवळजवळ तेवीस अंश वर चढतो. सहा इंचीत तो आधी पिठाच्या गोळ्यासारखा दिसतो, मग पाहता पाहता त्याचे कण सुटू लागतात, बाजरीच्या पिठाचे पुन्हा दाणे व्हावेत तसे. परदेशी पुस्तकांतल्या नवशिक्यांच्या याद्यांत त्याला मानाचे स्थान क्वचितच मिळते, कारण लिहिणाऱ्यांच्या अंगणात तो येतच नाही. आपल्या अक्षांशाचे हे देणे आपणच ओळखले पाहिजे.

या जिल्ह्याचे दुर्बिणीशी एक जुने नातेही आहे, दुरून का होईना. आदिलाबाद निजामाच्या राज्यात असताना, १९०१ मध्ये हैदराबादेत नवाब जफर जंग या हौशी सरदाराने ग्रब कंपनीची १५ इंची भिंगाची दुर्बीण आणून वेधशाळा काढली. तिचे नाव निजामिया. नवाब गेल्यानंतर, १९०८ मध्ये, ती सरकारने आपल्याकडे घेतली, आणि जगभरातल्या वेधशाळांनी वाटून घेतलेल्या आकाशाच्या छायाचित्रसूचीत आपला पट्टा तिने नेटाने पूर्ण केला. आरंभ मात्र एका माणसाच्या आवडीतून झाला होता. नवाबाला परवडले ते त्याने केले. आज एका बऱ्या मोबाइलच्या किमतीत सहा इंचाचा आरसा शेतात आणता येतो, आणि तो गॅलिलिओच्या वीसपटी दुर्बिणीहून किती तरी सरस असतो. १६१० च्या जानेवारीत त्या वीस पटींत गुरूचे चंद्र सापडले होते, हे लक्षात ठेवले की साधनाच्या लहानपणाची खंत उरत नाही.

एक सूचना मात्र रसग्रहणातही सोडता येत नाही. कोणत्याही दुर्बिणीतून, तिच्या शोधक नळीतून किंवा द्विनेत्रीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये. डोळा कायमचा जातो. घरात मुले असतील तर दिवसा दुर्बीण झाकलेलीच असावी.

अकराच्या सुमारास शेतमालकाची आई घरातून बाहेर आली, घोंगडी पांघरून. तिला शेतातल्या बाजेवर बसवले. ईशान्येकडे बोट दाखवून तिने स्वतःच सुरुवात केली. सप्तर्षींचे चार तारे म्हणजे म्हातारीची खाट, आणि मागचे तिघे ती चोरायला निघालेले चोर. या पट्ट्यातल्या गोंडांत ही कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंडांच्या आकाशज्ञानावर केलेल्या अभ्यासातही खाट आणि चोर आहेत. या अक्षांशावर सप्तर्षी उगवतात आणि मावळतात. पौषात आधी खाट वर येते, उभी, आणि तासा-दीडतासाने चोर. युरोपच्या उत्तरेकडे ते कधी मावळतच नाहीत, तिथे चोरांना उगवावे लागत नाही. ही कथा ज्याने पहिल्यांदा सांगितली त्याने ती इथल्याच मातीवर उभे राहून सांगितली असेल.

मधला चोर म्हणजे आपला वसिष्ठ, आणि त्याला चिकटून अरुंधती, लग्नात नवरा-नवरीला दाखवतात ती. मी नळी तिकडे वळवली. वसिष्ठ इतका खाली होता की नळी जवळजवळ आडवी झाली, आणि नेत्रिका बाजेवर बसलेल्या आजींच्या डोळ्यांच्या बरोबर समोर आली. १२० पटींत अरुंधती एका कडेला, आणि वसिष्ठाच्या जागी एकमेकांना खेटून दोन तारे. आजींनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "एक नाही रे बापू, हे तं दोन हायेत. तीन चोर म्हनत होतो आमी." भाची हसली, मीही. आजी नाही हसल्या, त्या पाहण्यात होत्या. दीड मिनिटात तारे कडेकडे सरकू लागले, कारण आपण ज्या जमिनीवर बसलो होतो ती फिरत होती. आजी म्हणाल्या, "हे तं पयून रायलं."

मी पुढे होऊन नळी सरकवणार, तेवढ्यात त्यांनी घोंगडीतून हात बाहेर काढला. वर्षानुवर्षे विळा आणि खुरपे धरलेला हात. दोन बोटे नळीला लावली, डोळा न काढता, आणि हलकेच ढकलले. नळी मुकाट सरकली. तारे पुन्हा मधोमध आले. त्यांना कुणी काही शिकवले नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा ढकलले, मग पुन्हा. भाची माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मामा, मला हीच हवी." आजींना ते ऐकूही गेले नाही. त्या आपल्या चोरांच्या मागे होत्या.